सरकारी हातपंपाशी लग्न झाले नसल्याबाबत

दिनांक : २८ एप्रिल १९९७

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, घनसावंगी, जि. जालना

विषय : सरकारी हातपंपाशी विवाह झाला नसल्याचा दाखला मिळणेबाबत.
संदर्भ : हातपंपास हळद फासून विद्रूप केल्याबद्दल अर्जदारास मिळालेली नोटीस.

महोदय,

अर्जदार भुजंग कडूबा मिसाळ, राहणार मौजे हातपिंपळी, धंदा पेंटर, नम्रपणे खुलासा करतो की,

१. लग्नघरांच्या भिंतींवर गणपती काढून वर-वधूंची नावे रंगवण्याचे काम अर्जदार चौदा वर्षे करतो. दुनियेची लग्ने रंगवून हात आखडले, पण स्वतःचे नाव काही भिंतीवर चढेना. मागल्या वर्षी औरंगाबादेस एक प्रदर्शन पाहण्यात आले. तिथे कोणी मोडकी खुर्ची मांडून खाली 'कलाकृती' लिहिले होते, आणि शिकलीसवरली माणसे हात मागे बांधून तिच्याभोवती फिरत होती. अर्जदाराच्या डोक्यात तिथेच किडा वळवळला.

२. सबब अर्जदाराने पंपाशेजारच्या आपल्या भिंतीवर रंगवले : "चि. भुजंग व चि. सौ. कां. हातपंप यांचा शुभविवाह. मुहूर्त रोज, पाणी येईपर्यंत." कोपऱ्यात 'ही कलाकृती आहे' असेही लिहिले. पण कोपरा वाचायची आपल्याकडे रीत न्हाई.

३. शेजारच्या गोजरबाईंनी निदान केले की, भुजंगाच्या पत्रिकेत कडक मंगळ आहे, आणि रुईच्या झाडाशी लावतात तसे याने हातपंपाशी लावून घेतले. "एकटाच उरकून राह्यला बिचारा, हळद तरी लावू," म्हणत पाच सवाष्णी आल्या. पंपाला हळद लागली, खणानारळाने ओटी भरली. महिनाभर कोरडा पंप नेमका त्याच दिवशी पाणी देऊ लागला, हे अर्जदाराचे नशीब. आता अख्खी गल्ली पंपाला सूनबाई म्हणते. दांडा जोरात हाणला तर म्हाताऱ्या अंगावर येतात.

४. इथवर गंमत होती. परंतु अर्जदाराचे लग्न वडीगोद्रीच्या तातेरावांची मुलगी प्रभावती हिच्याशी १८ मे रोजी ठरले आहे. तातेराव बाजारला जाताना भिंतीपुढे थबकले. "आमची पोरगी सवतीवर द्यायची न्हाई," एवढेच बोलून चालते झाले. लग्न मोडते, असे अर्जदारास दिसले. त्याच दुपारी ग्रामसेवक पंचनाम्याला आले, तेव्हा भिंत कोण्या टवाळाने रंगवली, असे अर्जदाराने सहीनिशी लिहून दिले. वास्तविक दहा गावांना अर्जदाराचे अक्षर पाठ आहे.

५. येथपर्यंत अर्ज लिहून झाला असता, त्या जबाबाची बातमी वडीगोद्रीस पोचल्याने प्रभावतीचा भाऊ सर्जेराव तिचा निरोप घेऊन आला. तो जसाच्या तसा : "सवत चालंल, मी तिच्याकडूनच पाणी भरीन. पण सोताच्या हातानं लिहिलेलं न्हाई म्हणणारा मला बिलकुल चालायचा न्हाई."

हे ऐकून अर्जदारास फार लाज वाटली.

तरी वरील विषय रद्द समजावा. दाखला नको. पंचनाम्यातला जबाब खोटा आहे. भिंत मी रंगवली, पूर्ण शुद्धीत रंगवली आणि रंगवताना मला लई मजा आली, असा माझा नवा जबाब नोंदवून त्याची शिक्क्याची नक्कल १८ मेच्या आत द्यावी. दंड असेल तो करावा. भिंतीवर मी आज माझी सही टाकली आहे, गाडीरस्त्यावरून वाचता येते.

आपला नम्र आणि अजून बिनलग्नाचा,
भुजंग कडूबा मिसाळ

सोबत : निरोप बराबर लिहिल्याबद्दल सर्जेराव यांची सही.