वाऱ्यासाठी चार भोकं

भवानीनगर,
३ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
बिरूचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना टपालाचा खर्च कशाला, म्हणशील. पण तुझा फोन स्पीकरवरच बोलतो आणि दाजींची खाट तिथंच पडवीत. त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल काय बोलणार? परवा तू बाजरीचा भाव सांगत होतीस आणि मी तुझ्या मागचं ऐकत होतो. पूर्वी तुझ्याकडं फोन लावला की मेंढरं, कुत्रं, म्होरक्या मेंढ्याच्या गळ्यातली घंटी, दाजींची शीळ, सगळं एकदम कानात शिरायचं. आता नुसती खाट करकरते. तीही कूस बदलली तरच. नुसता आवाज ऐकून मोटारीचं कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगायचो, त्यावर तर माझा वर्कशॉप उभा राहिला. तेव्हा एवढं मला ऐकू येतंच.

डॉक्टर म्हणतात, खुब्याचं हाड जुळलंय, चाला. दाजी म्हणतात, कुणाच्या मागं चालू? मेंढरं विकली तेव्हापासून माणूस भिंतीकडं तोंड करून आहे. खुबा मोडला तो नंतर. माझ्या मते त्याच्या आधीच दुसरं काहीतरी मोडलं होतं.

असो. रविवारी टेम्पो घेऊन येतोय. तुझ्या चुलीसाठी आरशांची एक थाळी केली आहे. पुरुषभर उंच, पाइपाच्या सांगाड्यावर आरशाचे तुकडे बसवलेत. अंगणात उभी करायची. ती ऊन गोळा करून झरोक्यातून आत फेकते, नेमकं चुलीवरच्या काळ्या तव्यावर. तू आपली सावलीत बसून आमटी कर. धूर नाही, सरपण नाही, सिलिंडरची वाट बघणं नाही. माझ्या घराच्या पत्र्यावरही आरसे मांडलेत. पाणी उकळतं, वाफेवर चाक फिरतं आणि एक बल्ब लागतो. तुझी भावजय म्हणते, एका बल्बापायी माझं सगळं वाळवण खाली उतरवलं.

दाजींना आत्ताच काही बोलू नको. माया आहेच, ती ऊबदार ठेव.

तुझा
बिरू


लोणी भापकर,
१७ फेब्रुवारी २०२५

चि. बिरूस अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तू थाळी उभी करून गेलास आणि आमच्या अंगणात जत्रा भरली. बायका येतात, एकेका तुकड्यात आपलं तोंड बघतात. शेजारची बनाबाई म्हणाली, फुटके आरसे दारात ठेवलेस, हे काही बरं नव्हं. मी सांगितलं, फुटके नाहीत, कापलेले आहेत, भावानं मापानं कापून आणलेत. तिचं काही समाधान झालं नाही, पण जाताना तिथंच केस विंचरून गेली.

आमटी झाली बाबा. अंघोळीचं पाणीही तापतं. पण सूर्य कुठं एका जागी थांबतोय? तव्यावरचा उजेड सरकला की पळत बाहेर जायचं, दांडा धरून थाळी फिरवायची, परत आत येऊन भाकरी बघायची. एका हातात पीठ, एका हातात सूर्य, अशी माझी गत. आणि थाळीच्या मागच्या पट्टीला चार भोकं रिकामी दिसतात. तिथं काही लावायचं राहिलं का?

ह्यांनी मान वळवून एकदा बघितलं आणि परत भिंतीकडं झाले.

खरं दुखणं आता लिहिते. नातीची परीक्षा संपली की शंभूराज एप्रिलात येणार आणि आम्हा दोघांना पुण्याला नेणार. बाबांना उठवायला-बसवायला गावात कोण आहे, असं विचारतो. त्याचं तरी काय चुकलं? मी ह्यांना विचारलं, जायचं का. म्हणाले, कुठंबी टाका. बिरू, मला तो होकारही वाटला नाही आणि नकारही. पुण्यात हा माणूस नुसती भिंत बदलेल. आणि तिथून मी त्यांना परत आणीन, असं मला वाटत नाही. हे तुझ्याशिवाय कुणाजवळ बोलू?

तब्येतीला जप. आरसे कापताना हाताला जप.

तुझी
अक्का


भवानीनगर,
२४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

ती चार भोकं वाऱ्यासाठी आहेत. वारा आरपार गेला नाही तर थाळी उडून बारामतीला जाईल आणि मला माघारी आणायला लागेल.

चेष्टा पुरे. झरोक्याजवळ काही म्हणजे काही टांगू नको. उजेड तव्यावरून सरकला की जिथं पडेल तिथं जाळतो. थाळीकडं उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही. सोबत वेल्डिंगचे काळे चष्मे पाठवलेत. मला एक पुरे, दुसरा कशाला, असं म्हणून पेटीत टाकू नको. दुसरा खाटेजवळ, हाताला येईल असा ठेव.

शंभूराजशी भांडू नको. तो मायेनंच बोलतोय. एप्रिल अजून लांब आहे. काळजी अर्धी माझ्याकडं पाठवून दे, उरलेली तुझ्याजवळ राहू दे.

तुझा
बिरू


लोणी भापकर,
६ मार्च २०२५

चि. बिरूस आशीर्वाद, आणि थोडा रागही.

झरोक्याजवळ काही टांगू नको हे तुझं पत्र मला एक दिवस उशिरा मिळालं. टपालवाल्याचे उपकारच म्हणायचे.

झालं असं. कसर लागू नये म्हणून ह्यांच्या घोंगडीला ऊन दिलं आणि झरोक्याशेजारच्या खुंटीला अडकवली. आमटी तव्यावर ठेवून बनाबाईकडं चाळण द्यायला गेले. बोलत बसले, तुला माझा स्वभाव ठाऊक आहे. परत आले तर खाट मोकळी. अंगणात बघते तर हे थाळीचा दांडा धरून उभे. खांद्यावर घोंगडी, तिच्या कोपऱ्याला भाकरीएवढं भोक. थाळीचं तोंड एका अंगाला वळवलेलं. काठी खाटेखाली होती तिथंच.

उजेड तव्यावरून सरकत खुंटीवर गेला होता. घरात दुसरं कुणी नाही. लोकर जळाल्याचा वास ह्यांच्या नाकात गेला. ती घोंगडी आपल्या मेंढरांच्या शेवटच्या कातरणीची, तुला माहीत आहे. मी म्हटलं, अहो, उठलात कसे? तर म्हणाले, लोकर जळत असताना मी निजून राहू व्हय? आणि मग मला जे बोलले, बिरू! साऱ्या वर्षात एवढे शब्द माझ्या वाट्याला आले नव्हते. मी गुमान आत जाऊन चुलीपुढं बसले आणि रडले. बिनधुराच्या चुलीपुढं डोळ्यांना पाणी आलं की लपवायला जागाच नसते.

तेव्हापासून मला दांड्याला हात लावू देत नाहीत. म्हणतात, तुज्या हातात दिलं तर घर पेटवशील. मी आत, हे बाहेर. उजेड सरकला की मी झरोक्यातून हाक मारते, हे थाळी फिरवतात आणि हुं करतात. काल हुंच्या पुढं गेले. आमटीत काय घातलंय म्हणून विचारलं.

आता राग. दिवसभर उन्हात यांची ये-जा चालते. पाय थरथरतात, मला आतून दिसतं. कोऱ्हाळ्याच्या हिंदुरावांकडं तू बसवलेली थाळी आपली आपण फिरते, तिला मोटार आहे, असं बनाबाईचा जावई सांगत होता. सख्ख्या बहिणीला दांडा आणि गिऱ्हाइकाला मोटार? लवकर पाठव.

राग धरून ठेवत नाही, पण मोटार येईपर्यंत थोडा शिल्लक ठेवते.

तुझी
अक्का


भवानीनगर,
१७ मार्च २०२५

ती. सौ. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वर्कशॉपमध्ये आलं. ग्राइंडर बंद करून वाचलं, मग बाहेर जाऊन पुन्हा वाचलं. पोरं म्हणाली, मालक, घरी सगळं बरं हाय ना? मी म्हटलं, डोळ्यात कीस गेलाय.

मोटारीचं जरा अवघड आहे. एक तर तसल्या मोटारी मिळत नाहीत. मिळाल्या तर चांगल्या मिळत नाहीत. चांगली मिळाली तर तुमच्याकडच्या विजेचा भरवसा नाही. हिंदुरावांचं म्हणशील तर त्यांच्या घरची माणसं आळशी आहेत, त्यांना दुसरा इलाज नव्हता. उन्हाळा सरू दे, बघू.

तोवर एक लोखंडी स्टूल पाठवतोय, हाताला टेकायला कठडा केलेलं. ताडपत्री बांधायला उद्या माणूस येईल, दांड्यापाशी सावली होईल. माठ तिथंच ठेव. बारा ते तीन थाळीचं तोंड फिरवून ठेवायचं आणि माणसानं निजायचं, हे दाजींना माझं नाव न घेता सांग. डॉक्टरांनाही मी जाऊन विचारून आलो. ते म्हणाले, थरथर चालण्यानंच जाईल.

काल फोनवर तू मिरचीचं सांगत होतीस, मी मागचं ऐकत होतो. खाट करकरली नाही. फोन ठेवेपर्यंत एकदाही नाही. तुझ्या भावजयीला म्हटलं, आज गोड कर. तिनं विचारलं, सण कसला? मी नुसता गुळाचा डबा पुढं केला. तिनं केलं मात्र.

रागातला थोडा राग कमी करावा, ही विनंती.

तुझा
बिरू


लोणी भापकर,
२१ एप्रिल २०२५

चि. बिरूस अक्काचे उदंड आशीर्वाद.

शंभूराज येऊन गेला. गाडी रिकामी घेऊन गेला, हे आधी लिहिते म्हणजे तुझा जीव भांड्यात पडेल.

तो आला तेव्हा खाट भिंतीला उभी टेकवलेली. बाबा कुठं, बाबा कुठं, करत अंगणात आला. हे डोळ्याला तुझा काळा चष्मा लावून दांड्यापाशी. पोरगं धावलं, म्हणालं, सोडा बाबा, मी फिरवतो. तर हे म्हणाले, बाजूला हो, सावली पडती. दोन वर्षांनी बापानं हुकूम सोडला. पोरगं खरंच बाजूला झालं आणि तसंच उभं राहिलं बघत.

जेवताना म्हणाला, बाबांना एवढा त्रास कशाला, मोटार मिळते, मी आत्ता फोनवरून मागवतो, शनिवारपर्यंत दारात येईल. माझ्या हातातली पळी आमटीत पडली. मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, नगं. का, म्हणून त्यानं विचारलं. तर म्हणाले, मग मी काय करू? शंभूराज माझ्याकडं बघायला लागला, मी आमटीतली पळी शोधायला लागले. हात धुताना मला म्हणाला, आई, तुम्ही इथंच राहा. सुट्टीत नातीला पाठवून देतो.

मोटारीचं मी आता काढणार नाही. उशिरा का होईना, मला उमगलं. लहानपणी तू खोटं बोललास की कान लाल व्हायचे. पत्रात कान दिसत नाहीत, म्हणून निभावलं तुझं.

पुढचं हे सांगतात तसं लिहिते. एक अक्षर सुधारायचं नाही, अशी ताकीद आहे.

बिरूराव, राम राम.

भोकं वाऱ्यासाठी ठिवली म्हनं तुमी. चारी भोकं येका मापाची, अन् प्रत्येकाच्या कडंला बोल्टाचा वळ उठल्याला. मोटर बसवून परत काडलीया, ह्ये मला पयल्या दिवशी खाटंवरनंच दिसलं. आवंदा मेंढरं न्हायती, पर डोळं हायती. तुमच्या अक्काला आत्ता कळलं. म्या गप ऱ्हायलो. म्हटलं, पाव्हण्यानं आपल्यापायी एवढा घाट घातलाय, तर त्यो मोडायचा कशाला? उठायचं न्हवतंच मला. पर घोंगडी जळाया लागली.

आता मोटर धाडू नका. दुसऱ्या कुनाला द्या. आभाळातलं ह्ये येकच मेंढरू हाय, पर लई शाणं. आपल्या वाटंनं चालतं, कुनाच्या उसात शिरत न्हाय, आन् सांजंला आपलं आपुन घरी जातं. त्याच्या मागं चालाया मला जमतंय.

तुमच्या येका भोकात म्होरक्याची घंटी बांदलीया. पेटीत ठिवली हुती, ती काडली. थाळी फिरवली की वाजती, म्हंजी हिला आतनं कळतं. आता फोन लावाल तवा ऐका. नुसता वारा आला तरी बी वाजती. तवा तुमचं बी खरंच झालं म्हनायचं.

दत्तोबा