डिझेल फोर्कलिफ्टचे फायदे, आणि असलेच तर तोटे

९ सप्टेंबर, सोमवार
मॅनेजरबाईंनी बोलावलं. गोदामासाठी बॅटरीवर चालणारी फोर्कलिफ्ट घ्यायचं चाललंय. आपली डिझेलची ठेवायची की मोडीत काढायची, ते ठरायचंय. म्हणाल्या, "काका, ती तुमच्याइतकी कुणी चालवलेली नाही. फायदे-तोटे एका पानात लिहून द्या." म्हणजे तिचं भवितव्य माझ्या हातात. ती गेली तर या वयात मी काय चालवणार? पण लिहायचं तटस्थपणे. उद्यापासून. आज पाठ धरलीय.

१० सप्टेंबर, मंगळवार, सकाळी
फायदे आपसूक सुचले. अवजड माल लीलया उचलते. पाऊस, चिखल, खाचखळगे, कशाचं काही नाही. टाकी भरली की लगेच कामाला. बॅटरीवाली म्हणे तासन्‌तास चार्जिंगला पडून राहते, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखी.
तोटे आठवेनात. गुरुजी म्हणायचे, निबंधाची सुरुवात काव्यपंक्तींनी करावी. केली:
धूर निळा हा नभी चालला,
उचल सखे तू भार आपुला.
बायकोला वाचून दाखवलं. तिचं म्हणणं, तो निळा धूर माझ्या कॉलरीत येऊन काळा होतो आणि घासावा तिला लागतो. धुण्याचा मुद्दा विषयाला सोडून. वगळला.

११ सप्टेंबर, बुधवार
थंड इंजिन पुन्हा सुरू करताना तिला त्रास होतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत चालूच ठेवली. वारा फार, शटर खाली ओढलं. पॅकिंगच्या बायकांना निबंध ऐकवला. दुसऱ्या परिच्छेदाला सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. कविता अजून पोचते. एक जण म्हणाली, "आजोबा, आधी गाडी बंद करा, मग रडवा." हळवी आहे.

१२ सप्टेंबर, गुरुवार
सुरूच होईना. मेकॅनिकने फिल्टर बदलला, ऑइल बदललं, खाली सांडलेलं दाखवलं. बॅटरीवालीला यातलं काही लागत नाही म्हणे. मी म्हटलं, रुसवेफुगवे नसतील तर तो संसार कसला. तो म्हणाला, रुसवे तुम्ही काढा, फरशी मीच पुसतोय. खोकला वाढलाय. हवा बदलली असावी.
अखेर एक तोटा लिहिला: जरा मोठ्याने बोलते.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
दिला. एका पानाची सात पानं झाली. बाईंनी उभ्याउभ्याच वाचायला घेतला, कपाळाला हात लावून. फार खोल विचार करतात.

१६ सप्टेंबर, सोमवार, संध्याकाळी
जिंकलो. बाई म्हणाल्या, तुमचं पटलं. उघड्यावर, खडबडीत जमिनीवर तिच्यासारखी तीच, मोडीत काढणं चूक. म्हणून दुपारी ट्रकवर चढवून तिला कंपनीच्याच विटांच्या यार्डात पाठवली. मी विचारलं, मग मी तिकडे रुजू कधी होऊ?
"तिथे ड्रायव्हर आहे, काका. तुमचा खोकला बघता तुम्ही इथे आतच बरे."
नवी गाडी दिली. बसलो. किल्ली फिरवली. सुरू व्हायची वाट बघत राहिलो. बराच वेळ.
शेवटी पॅकिंगवालीने मागून सांगितलं, ती चालूच आहे.