यार्ड केवळाबाईंना देण्याचे कारण

मी, सिद्रामप्पा वीरभद्रप्पा हालकुडे, वय सदुसष्ट, धंदा सरकारी इमारतींची ठेकेदारी, राहणार लातूर, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोळ्यांना चष्मा लागतो आणि गुडघे जिना चढू देत नाहीत, पण डोके ठिकाणावर आहे. डॉ. हणमंतराव मुळजकर यांनी मला तपासून तसे खाली लिहून दिले आहे. मला कोणी धाक घातलेला नाही, गोड बोलून कोणी हे लिहूनही घेतलेले नाही. यापूर्वी एक मृत्युपत्र केले होते. ते मी फाडले आहे. हेच खरे समजावे.

१. राहते घर मुलगा वैजनाथ यास द्यावे. त्याचे उदगीरला औषधांचे दुकान आहे आणि ते चांगले चालते. घराच्या मागच्या भिंतीला ओल येते. बाहेरून प्लास्टर करून ती जाणार नाही, कारण गच्चीचा उतारच चुकलेला आहे. हे काम माझेच. लोकांच्या इमारतींवर चांगले गवंडी लावले आणि स्वतःच्या घरावर शिकाऊ.

२. औशाजवळचे चार एकर शेत आणि पत्नी कै. शिवगंगा हिचे दागिने मुलगी नीलावती हिला द्यावेत. दागिन्यांबद्दल शिवगंगेने मला तोंडी सांगितले होते, म्हणून त्यात वैजनाथने वाटा मागू नये. बँकेत जे शिल्लक असेल ते दोघांनी निम्मे घ्यावे. मृत्युपत्राची अंमलबजावणी नीलावतीने करावी. ती कोणाच्या भिडेला पडत नाही.

३. माझे मेहुणे माणिकप्पा यांना काहीही देत नाही. त्यांना माझ्या मातीला येऊ द्यावे, पण तेथे चार शब्द बोलायला उभे करू नये. कारण पुढच्या कलमात आहे.

४. औसा रस्त्यावरील बारा गुंठ्यांचे यार्ड, पत्र्याचे गोदाम, दोन मिक्सर, व्हायब्रेटर, सेंटरिंगच्या सर्व लोखंडी प्लेटा आणि टेकू हे सर्व श्रीमती केवळाबाई मरीबा सरवदे यांना मालकी हक्काने देत आहे.

वैजनाथने विचारले, "आप्पा, मजूरबाईला यार्ड? लोक काय म्हणतील?" लोकांना उत्तर देता यावे म्हणून सविस्तर लिहितो.

बहात्तरच्या दुष्काळात मी निलंगा भागात रस्त्याच्या कामावर हजेरी कारकून होतो. बायका खडी फोडत आणि संध्याकाळी आम्ही लाकडी पेटीने ती मोजून घेत असू. केवळाबाई त्या वेळी विशी-बाविशीच्या. नवरा मरीबा पायाने अधू होता आणि घर त्यांच्यावर होते. कामावर आल्यावर चौथ्या दिवशी त्यांनी पेटीत आपला हात कोपरापर्यंत घालून पाहिला आणि मला म्हणाल्या, "साहेब, ही पेटी पोटात मोठी हाय. आमची खडी तिच्यात हरवून राहिली."

मी माप घेतले. पेटी खरेच चार बोटे खोल होती. ती मी केलेली नव्हती, पण महिनाभर वापरली होती. दुसऱ्या दिवशी नवी पेटी आणली. ज्या बाईला अक्षर येत नव्हते तिने सगळ्या कामावरची चोरी हाताने मोजून काढली होती. पुढे मी स्वतः ठेके घेऊ लागलो तेव्हा सर्वांत आधी त्यांचे गाव शोधत गेलो. चाळीस बायका-गड्यांची टोळी घेऊन त्या लातूरला आल्या.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या हव्या होत्या, कर्मचाऱ्यांना घरे हवी होती. मला निवासस्थानांच्या दोन इमारतींचे काम मिळाले. काँक्रीटचा पोटठेका केवळाबाईंना द्यायचे ठरले. मी नेहमीप्रमाणे तोंडी सांगून मोकळा होत होतो.

त्या म्हणाल्या, "लिहून द्या."

मी म्हणालो, "तुला वाचता तरी येतं का?"

"मला न्हाई येत. कोर्टाला येतंय की."

करार लिहायला त्या घरी आल्या तेव्हा मी त्यांना ओसरीवर बसवले. शिवगंगेने पाहिले, बाहेर येऊन त्यांचा हात धरला आणि माझ्या समोरच्या खुर्चीवर आणून बसवले. त्या दिवसापासून मी केवळाबाईंना अहो-जाहो करू लागलो. हे मला दहा वर्षे आधी सुचायला हवे होते.

त्या कराराची कलमे बाईंनी सांगितली आणि मी लिहिली. कामावर प्यायचे पाणी ठेकेदाराने पुरवावे. तान्ह्या पोरांसाठी सावली करावी. माल खराब वाटला तर काम थांबवायचा अधिकार टोळीचा. शेवटचे कलम असे होते, की स्लॅब टाकल्यापासून एकवीस दिवस झाल्याशिवाय आणि केवळाबाईंनी हो म्हटल्याशिवाय खालचे टेकू काढायचे नाहीत. मला हसू आले होते. मजुरांच्या मुकादमाला विचारून सेंटरिंग काढणारा ठेकेदार मराठवाड्यात कोणी नव्हता. पण मी सही केली. पुढे माझ्या प्रत्येक पोटठेकेदाराच्या करारात मी हीच कलमे घातली.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात दुसऱ्या इमारतीचा वरचा स्लॅब टाकला आणि पाणी संपले. विहिरी कोरड्या पडल्या होत्या. कामाला दिवसाला एकच टँकर येई. ताज्या स्लॅबवर मातीची आळी करून पाणी साठवावे लागते, नाहीतर त्याला चिरा जातात. तिसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहतो तर शेजारच्या वस्तीतल्या बाया जिना चढून वर आलेल्या. आळ्यांतले पाणी वाट्यांनी घागरीत भरत होत्या. मी राखणदार ठेवायला निघालो.

केवळाबाईंनी मला अडवले. "आप्पा, स्लॅबला पाणी आन् लेकराला न्हाई, आसं काम आमी करणार न्हाई."

"मग स्लॅब तडकू द्यायचा?"

"न्हाई. टँकरचं पाणी आधी वस्तीला द्या. त्यांच्या आंघोळीचं, भांडी खंगाळल्यालं आमी आणतो. साबणाचं तेवढं न्हाई घेनार."

दुपारी त्या स्वतः घरोघरी फिरल्या. रोज सकाळी टँकरमधून घरटी दोन घागरी, आणि संध्याकाळी प्रत्येक घराकडून एक बादली वापरलेले पाणी. असा पोटठेका मी जन्मात पाहिला नव्हता. स्लॅबवर त्यांनी गोणपाटे अंथरली आणि बादलीबादलीने भिजवत ठेवली. एका घराने एक दिवसही बादली चुकवली नाही. मी रोज संध्याकाळी खाली उभा राहून ती रांग बघत असे. ठेकेदार म्हणून आपल्याला बरेच समजते अशी माझी समजूत होती. ती त्या उन्हाळ्यात गेली.

सेंटरिंगचे सामान माणिकप्पांचे होते. त्यांना ते दुसऱ्या कामावर हवे होते. बाराव्या दिवशी ते घरी आले आणि म्हणाले, "स्लॅब दगड झालाय भाऊजी. उद्घाटनाची तारीख तोंडावर आहे. टेकू काढायची चिठ्ठी द्या." वरूनही घाई होतीच. मी चिठ्ठी दिली. हे मी कोणाला सांगितलेले नाही. आज लिहितो.

त्यांचे गडी हातोडे घेऊन पोचले तेव्हा केवळाबाई आणि सतरा बाया स्लॅबखाली टेकूंना पाठ लावून बसल्या होत्या. मला बोलावणे आले. मी गेलो. बाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "आप्पा, करारातलं शेवटचं कलम तुमीच वाचून दाखवा. माझा कागद लेकीच्या, पंचफुलाच्या दप्तरात हाय, आणायला वेळ लागंल."

त्यांचा विश्वास असा, की मी ते खरे वाचीन. मी तोंडपाठ म्हणून दाखवले. मग माणिकप्पांच्या हातातली माझी चिठ्ठी घेतली आणि सर्वांसमोर फाडली. माणिकप्पा बोलले ते येथे लिहीत नाही. त्यांनी बाईंची जात काढली. त्या दिवसापासून मी त्यांच्याकडचे सामान घेतले नाही. स्वतःच्या प्लेटा आणि टेकू केले. यार्ड तेव्हाचे आहे.

बाविसाव्या दिवशी केवळाबाईंनी हातोडीने स्लॅब ठिकठिकाणी ठोकला, कान लावून ऐकला आणि म्हणाल्या, "हाव. काढा आता." उद्घाटन पंधरा दिवस लांबले. शाल आणि नारळ मला मिळाला, दगडावर नाव माझे कोरले गेले. बाईंना बोलवावे असे कोणाच्या मनात आले नाही, माझ्याही नाही. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर मी आधी ती इमारत पाहायला गेलो. चीर नव्हती.

५. या कलमात बदल झाला आहे, तो कसा हे लिहितो.

नव्वद साली केवळाबाई स्वतःच्या नावाने ठेकेदाराची नोंदणी करणार होत्या. त्यासाठी त्यांना मुख्य ठेकेदाराचा अनुभवाचा दाखला हवा होता. मी म्हणालो, "पुढच्या वर्षी बघू." तेरा वर्षे तेच म्हणत आलो. त्या स्वतः टेंडर भरू लागल्या तर माझे स्लॅब कोण टाकणार, एवढेच कारण होते. माणिकप्पांचा दोष मी वर लिहिला. हा माझा दोष त्याहून लहान नाही.

कच्च्या मसुद्यात मी लिहिले होते, की सही केलेला दाखला कपाटात आहे, तो माझ्या पश्चात त्यांना द्यावा. गेल्या रविवारी मी बाईंना आणि त्यांच्या मुलीला बोलावून मसुदा वाचून दाखवला. पंचफुला विष्णुपुरीच्या कॉलेजात शिकून इंजिनियर झाली आहे.

यार्डाबद्दल बाई म्हणाल्या, "घेते. ते सामान आमीच वाहिलंय." मग विचारले, "आप्पा, दाखल्यावर सही झालीया?"

"झालीय."

"मग तुमच्या मरणाची वाट कशाला बघायची? आजच द्या की."

मी नीलावतीला कपाट उघडायला सांगितले. पंचफुलाने दाखला मोठ्याने वाचला. एकोणीस इमारती होत्या. चौदाव्या नावाला बाईंनी हात वर केला.

"ह्ये काम माझं न्हाई. तवा मी किल्लारीकडं भूकंपवाल्यांची घरं बांधून राहिले होते. खोडा."

मी म्हणालो, "राहू द्या बाई, कोण बघतंय."

त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवला. मी ते नाव खोडले आणि बाजूला सही केली. दाखला आता अठरा इमारतींचा आहे आणि तो त्यांच्या हातात आहे. म्हणून या कलमाखाली माझ्या पश्चात कोणालाही काही करावयाचे राहिलेले नाही.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो बरोबर आहे. दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही करतो.

ठिकाण : लातूर
दिनांक : १२ मे २००३

(सही) सिद्रामप्पा वीरभद्रप्पा हालकुडे

साक्षीदार :
१. (सही) डॉ. हणमंतराव मुळजकर, लातूर. मी यांना आज तपासले. समज पूर्ण शाबूत आहे.
२. (सही) नरसिंग व्यंकटी पांचाळ, सुतार, लातूर. शहाऐंशी साली हातोडा घेऊन टेकू काढायला गेलेल्या गड्यांत मी होतो. वर लिहिले आहे तसेच घडले.