शिंकणारा देवमासा

लेकीच्या बाबास,

दुपारी खिडकीतल्या उन्हात लोळत आम्ही दोघी ते निळं पुस्तक वाचत होतो. "देवमासा झोपला," असं मी वाचलं, तर लेक म्हणाली, "आई, चुकलीस! आधी तो शिंकतो."

पुस्तकात शिंक नाहीच. ती तू वाचताना घातलेली. छापलंय तेच वाचायचं, हा माझा हट्ट तुला ठाऊक आहे. तरीही मी शिंकले. पडदा लाटेसारखा हलला, क्षणभर आख्खी खोली तरंगली.

"बरी होती," ती म्हणाली, "पण बाबाच्या शिंकेनं बेट बुडायचं."

तू घर सोडल्यावर तुझी नि तिची भेट होऊ द्यायची नाही, असं मी ठरवलं. तिच्या भल्यासाठी, की माझ्या?

रविवारी वाचायला ये. 'फक्त तिच्यासाठी' असं पुढं लिहिलं होतं, ते खोडलं. पत्र राहू दे, फोनच करते.

तिची आई