गाढव 'मग' म्हणालं

मंठा,
रविवार, दुपार

प्रिय गंधाली,

अक्षर ओळखीचं नाही, म्हणून आधी सांगते, मी बेबीनंदा. कल्याणची मोठी बहीण, मंठ्याची. तो मला आक्का म्हणायचा आणि तूही एकदा म्हणाली होतीस. तुझा नाशिकचा पत्ता त्याच्या जेवणाच्या डब्याबरोबर आला. तो गेल्यावर तू त्याचा डबा घासूनपुसून कुरिअरनं पाठवला होतास, त्यावरचा कागद मी जपून ठेवला. का ठेवला, ते तेव्हा सांगता आलं नसतं. फोन केला असता, पण फोनवर माझं साधं बोलणंही भांडणासारखं ऐकू येतं, असं माझी गिऱ्हाइकं म्हणतात. ब्लाउज शिवणारीनं गोड बोलावं अशी लोकांची अपेक्षा असते, ती माझ्याच्यानं पुरी होत नाही. आणि आज मला तुझ्याशी भांडायचं बिलकुल नाही.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात जालन्याच्या रस्त्यावर त्याची गाडी घसरली, तेव्हा खिशातला फोन मात्र शाबूत राहिला. कोपऱ्यात एक तडा, बस. पाकीट, किल्ल्या आणि फोन एका पिशवीत घरी आले. आईनं तो फोन कधी बंद पडू दिला नाही. सकाळी देवापुढं दिवा लावायची आणि लगेच फोन चार्जिंगला लावायची. चार महिने ती कुणाशी बोललीच नाही म्हटलं तरी चालेल. मी समोरच्या खोलीत मशीन चालवायची आणि आतून भांड्याचासुद्धा आवाज यायचा नाही. मे महिन्यातल्या एका सकाळी आतून हसू ऐकू आलं. माझ्या हातातली कात्री खाली पडली. खरं सांगते, मला वाटलं आईचं डोकं फिरलं.

ती खाटेवर बसून फोन बघत होती. बोट चुकून कुठंतरी लागलं होतं आणि तुम्हा दोघांचा तो जनावरांचा गेम उघडला होता. तुला काय सांगायचं म्हणा, पण मी तो पहिल्यांदाच बघत होते. एक कोंबडी अंडं घालते, वळून स्वतःचंच अंडं बघते, दचकते आणि हौदात पडते. आई ते पुन्हापुन्हा बघत होती आणि पदर तोंडाला लावून हसत होती. मंग एक बकरी आली, तिनं दोरीवरचा परकर खाल्ला आणि ढेकर दिला. तिच्या डोक्यावर पाटी होती, 'आक्का'. मेल्यानं जन्मभर कापडं शिवणाऱ्या बहिणीचं नाव कापडं खाणाऱ्या बकरीला दिलं, असं माझ्या तोंडून निघालं आणि मी जीभ चावली. एक जाडजूड बदक होतं, त्याचं नाव 'केशरबाई', आमच्या आईचं. कुठल्याही जनावराला हात लावला की ते कल्याणनं लिहून ठेवलेलं एकच बोलायचं, 'मंग?' ड्यूटीवरून आल्यावर चपला काढायच्या आधी तो तेच म्हणायचा. तुलाही म्हणत असणारच. त्या सकाळी आम्ही दोघी मायलेकी पोट दुखेपर्यंत हसलो आणि मंग मला मशीनवर बसवेना.

खरी भीती दुसऱ्या दिवशी सुरू झाली. त्या गेममध्ये निळ्या शर्टाचा एक बुटका माणूस आहे, तो म्हणजे कल्याण. आदल्या दिवशी तो फाटकाजवळ उभा होता. सकाळी उघडलं तर विहिरीपाशी. टमाट्याच्या वाफ्यांना पाणी दिलेलं, माती ओली, आणि आक्काबकरीच्या डोक्यावर लाल टोपी. आई हळूच म्हणाली, आल्ता गं. मंग रोजचंच झालं ते. एके दिवशी तो झाडाखालच्या झोक्यावर आडवा पडलेला, एके दिवशी डुकराला आंघोळ घातलेली. रोज आई म्हणायची, आल्ता, आणि हसायची, आणि भाकर खायची. मी त्या फोनवर अस्तराचा तुकडा टाकून ठेवायला लागले. तो नुसता समोर दिसला तरी पाठीमागं कुणी उभं असल्यासारखं वाटायचं, आणि टीप वाकडी जायची.

शेवटी बाजारातल्या मोबाइलवाल्या रामप्रसादला विचारलं. तो म्हणाला, ताई, भूत न्हाई, हाच गेम ह्याच नावानं दुसऱ्या कुणाच्या फोनवर पण चालू हाय. माझा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही, कारण आता हे आईला सांगायचं कसं? ती जेवत होती ते त्या निळ्या शर्टावर. मी फोन पुन्हा आईच्या हातात दिला. कोण असेल याचा विचारही केला नाही, किंवा करायचा नव्हता.

पोळ्याच्या दिवशी गेममध्ये नवं गाढव आलं. बैल त्यात नाहीत, म्हणून कुणीतरी चक्क गाढवालाच फुलांची माळ घालून पोळा केला होता. आई इतकी हसली की तिला ठसका लागला. पुरणाचा नैवेद्य मातीच्या बैलांना दाखवला, तसा जरासा त्या फोनलाही दाखवला. त्यानंतर सकाळी ती वेगळंच म्हणायला लागली, लेकरू येऊन गेलं बघ. मी त्याकडं लक्ष दिलं नाही. गाढवाला मी हात लावला तो पंधरा दिवसांनी. ते म्हणालं, 'मग?'

'म'वर टिंब नव्हतं. कल्याणनं शाळेतसुद्धा त्या टिंबापायी मार खाल्ला, पण टिंब सोडलं नाही. 'मग' म्हणणारं माणूस आमच्या उंबऱ्यात एकदाच आलं होतं. गेल्या साली तुम्ही दोघं राजूरच्या गणपतीला जाऊन इकडं आल्तात, तू पेढ्याचा पुडा आणला होतास. तुझं आडनाव ऐकलं आणि आईचा चेहरा उतरला. पुडा तिनं फळीवर ठेवला, उघडला नाही. निघताना तू दारात थांबून म्हणालीस, मग, येते मी. आपल्यात जाते कुणी म्हणत नाही, येते म्हणायचं, आणि घरातल्यांनी ये म्हणायचं. आई घागरीवरचं झाकण नीट करत बसली. कल्याण गाडीची किल्ली हातात घेऊन उभा होता, वाट बघत. मी म्हणू शकले असते ये. मी सुईत दोरा ओवत राहिले, आणि तो एरवी मला डोळे मिटूनही ओवता येतो.

हे सगळं एका टिंबानं आठवलं आणि मला तुझाच राग आला. बघ कसं असतं माणूस. वाटलं, जिला दारातून परत लावलं ती आमच्या मेलेल्या पोराचा शर्ट घालून घरात शिरलीय आणि आईला खेळवून राह्यलीय. गाढवाचा शब्द पुसून मी तिथं लिहिलं, 'कल्याण गेला. सोंग बंद कर.' तू ते वाचलंस. कसं वाचलं असशील, त्याचा विचार मी आता रोज करते. तुला त्याच्या मयतीलाही कुणी पुढं येऊ दिलं नव्हतं. रडायला तुझ्याकडं एवढी एकच जागा होती आणि तिथंही मी दार लावलं. माझं चुकलं, गंधाली. दुसऱ्याच दिवशी मी ते पुसून 'मंग?' लिहिलं, टिंबासकट, पण तोवर तू गेली होतीस.

आज अकरा दिवस झाले. निळा शर्ट झोक्याजवळ उभा आहे तो उभाच. टमाटे माना टाकून बसलेत, डुक्कर चिखलानं भरलंय. कोंबडी तेवढी अजून स्वतःच्या अंड्याला भिऊन हौदात पडते, पण आई हसत नाही. भाकर अर्धी ठेवते. मी पाणी घालायचा प्रयत्न केला तर सगळं पाणी बदकावर पडलं. अशानं ही पुन्हा मुकी होईल, ही धास्ती मी उशाशी घेऊन झोपते.

काल दुपारी काजं करताना मी धीर करून आईला सांगायला सुरुवात केली, की तो जो येत होता ना, तो कल्याण नव्हता. आईनं मला मधेच थांबवलं. म्हणाली, येडी हाय का मी? गेलेलं लेकरू टमाट्याला पानी घालून राह्यलं असं वाटलं व्हय मला? पयल्यांदा वाटलं, खोटं कशाला बोलू. पन गाढव आलं त्या दिवशीच समजलं. आई चौथी शिकलेली, एकेक अक्षर बोटानं लावून वाचते, टिंब नाही हे तिला माझ्या आधी पंधरा दिवस दिसलं होतं. म्हणजे 'लेकरू येऊन गेलं' हे ती तुला म्हणत होती, आणि हसत होती ते तुझ्या माळ घातलेल्या गाढवाला. मी लिहिलेलंही तिनं तसंच बोट ठेवून वाचलं होतं आणि अकरा दिवस मला एक शब्द बोलली नव्हती. मंग म्हणाली, तिनं त्या दिवशी येते म्हनलं, आन् मी ये म्हनले न्हाई. माझं लेकरू ते ऐकायला उभं होतं. तिनं मला फोन आणून दिला आणि केशरबाई बदकाचा शब्द बदलायला लावला, जवळ बसून, अक्षर बराबर आहे का ते बघत. गाढवाला पुन्हा तिचं 'मग' देऊन टाक, म्हणाली, टिंब नको. तेवढं सांगायला हे पत्र. एकदा उघडून बघ, गंधाली. बाकी सगळं सुकलंय, पण फाटकाशी ते जाडं बदक उभं आहे, त्याला हात लाव. ते 'ये' म्हणतं. आई गेममध्ये ये म्हणते की घरी, ते मी विचारलं नाही.

तुझीच, कापडं खाणारी,
आक्का