पडद्यावरचे पट्टे

२ जून, सकाळी ७
डोळे पुन्हा दुखले. कारण सापडलं. जुन्या लॅपटॉपचा पडदा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतो. डोळ्याला दिसत नाही, पण मोबाईलच्या कॅमेऱ्याचं शटर वेगवान केलं की काळे पट्टे दिसतात. फोटो काढून ठेवला आहे.
पुण्याच्या कंपनीत १६ तारखेला रुजू व्हायचं. काम घरूनच, पण लॅपटॉप स्वतःचा. १४ तारखेपर्यंत घेतल्याचं कळवायचं. बारा दिवस. मला दोन पुरतील.

४ जून
नंदुरबार. हेमकांतभाऊंचं दुकान. चार लॅपटॉप तपासले, चारही पट्टेवाले. भाऊंनी न सांगता ब्राइटनेस पूर्ण वाढवला. पूर्ण उजेडात लुकलुक लपते, हे त्यांना कोणी शिकवलं? पट्टे तरीही राहिले. म्हणजे दोष गंभीर.
भाऊ म्हणाले, "बैन, इतलं तं कोनी नवरदेवलेबी देखत नही."


७ जून
शहादा. दुसरं दुकान, पाच लॅपटॉप, पाचही नापास. कंपन्या वेगळ्या, पण पट्ट्यांमधलं अंतर सारखंच. म्हणजे सगळ्यांचे पडदे एकाच कारखान्यातून येत असणार. काउंटरच्या काचेवरही पट्टे दिसले. पडद्याचा उजेड इतका सांडतो.
प्रकरण वाटलं त्याहून मोठं आहे.

९ जून
पप्पा म्हणाले, आधी डोळे दाखव. मी म्हटलं, दोष पडद्यात आहे. ते म्हणाले, "मोटार पानी फेकत नही तं आपन पहिले इहीर देखतस."
उदाहरण लागू होत नाही. तसं समजावून सांगितलं. ते ऐकता ऐकता शेतात निघून गेले.

११ जून, दुपारी
पप्पांना घेऊन पुन्हा हेमकांतभाऊंकडे. तपासणी चालू असतानाच लाईट गेली. दुकानात अंधार, लॅपटॉप बॅटरीवर चालू. कॅमेऱ्यात एकही पट्टा नाही.
पप्पांनी विचारलं, "पट्टा कुठे ग्यात?"
बॅटरीवर पडदा वेगळा वागू शकतो, असं मी सांगितलं.
दहा मिनिटांनी लाईट आली. भाऊंच्या डोक्यावरची एलईडी ट्यूब लागली. पट्टेही आले. लॅपटॉपवर, भिंतीवर, भाऊंच्या पांढऱ्या सदऱ्यावर. मी फोन त्यांना दाखवला. भाऊंनी सदरा ताणून पाहिला. मग म्हणाले, "मंग मन्हा सदराबी खराब शे का?"
पप्पा हसले. घरी येईपर्यंत हसत होते.
लुकलुक ट्यूबची होती. आधीची नऊ निरीक्षणं रद्द. पद्धत बरोबर होती, जागा चुकीची होती.

१३ जून
दिवसाच्या उजेडात चाचणी. दुकानाबाहेर ओट्यावर तीन लॅपटॉप मांडले. उन्हात पडदाच दिसेना, म्हणून भाऊंनी वर सतरंजी धरली. शेजारच्या भाजीवाल्या रंजनाबाईंनी विचारलं, "येले काय व्हयनं वं माय?" भाऊ म्हणाले, "काहीच नही. तेच तं ती देखी ऱ्हायनी."
दोन लॅपटॉपवर पट्टे होते. तिसऱ्यावर नव्हते. कमी ब्राइटनेसवर, जास्त ब्राइटनेसवर, कुठेच नाहीत.
भाऊंचे हात भरून आले होते. म्हणाले, "आते तरी ले ना बैन."
एका निरीक्षणावर विश्वास ठेवणं माझ्या शिक्षणात बसत नाही. शिवाय तो लॅपटॉप आधीच्या नऊपैकी नव्हता. आतल्या कपाटातून काढला. आधी का नाही काढला?

१४ जून
कंपनीला सविस्तर मेल केला. फोटो अकरा, तक्ता एक. निवड अंतिम टप्प्यात आहे, दोन आठवडे द्यावेत. अशी काटेकोर माणसं त्यांना रोज मिळत नसतील.

१६ जून, सकाळी १०
उत्तर आलं. दोन ओळी. तक्ता आवडला. जागा दुसऱ्या उमेदवाराला दिली.

१६ जून, संध्याकाळी ६
पप्पांना सांगितलं. 
आज दिवसभर जुन्याच लॅपटॉपवर बसून दुसऱ्या नोकऱ्या बघितल्या. सलग सात तास. डोळे अजिबात दुखले नाहीत.
कारण तपासायचं आहे. घाई नाही.