न बदलता येणारं तिकीट

४ जुलै, अथेन्स
तीस वर्षं शाळा चालवली. तीन बायका बेटावर नेणं काय अवघड! मी, धाकटी बहीण डेस्पिना आणि कॉलेजातली मैत्रीण फोतिनी. आई गेल्यापासून डेस्पिनाचा नामदिवस, म्हणजे पंधरा ऑगस्टचा मेरीमातेचा सण, आम्ही एकत्र केलेला नाही. यंदा करायचाच. नऊ तासांची संथ बोट, डेकवर जागा, माणशी अठ्ठावीस युरो. तिघींत एक खोली. किनाऱ्यावर भाड्याच्या खाटा घ्यायच्या नाहीत. वाळू फुकट आहे.

९ जुलै
दोघींना वेळापत्रक वाचून दाखवलं. सहाला पोहणे, दुपारी सक्तीची झोप. फोतिनी म्हणाली, अगं, शिट्टीपण आणणार आहेस का? सूचना चांगली आहे. शिट्टी घेतली.

१ ऑगस्ट
डेस्पिनाचा फोन. ताई, गुडघ्याने दगा दिला गं, डॉक्टर पायऱ्या चढू नको म्हणतात. तासाभराने फोतिनी: मुलाने नातवाला माझ्याकडे सोडलंय. तिकिटाचे पैसे बुडाले तरी चालतील, असं दोघी म्हणाल्या. केवढा मोठेपणा! मीही सांगून टाकलं, तुमच्याशिवाय मी जाणार नाही. डेस्पिनाने तीनदा विचारलं, नक्की ना? मला भरून आलं.

१२ ऑगस्ट, सकाळी ७, बोटीवर
तिकीट परत होत नाही, बदलता येत नाही. म्हणून निघाले. डेस्पिनाला कळवलं नाही, उगाच तिला वाईट वाटायचं. याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. डब्यात खिम्याचे तळलेले गोळे. सवयीने तिघींपुरते झाले.

१३ ऑगस्ट
सहाला पोहले. एकटीच असल्याने शिस्त उत्तम. चर्चच्या घंटेला तडा गेलाय. फुटकी परात बडवावी तसा आवाज येतो.

१५ ऑगस्ट, सकाळी १०
डेस्पिनाला नामदिवसाच्या शुभेच्छा द्यायला फोन केला. म्हणाली, घरीच आहे ताई, गुडघ्यावर बर्फ ठेवून पडलेय. तू? मी म्हटलं, मीपण घरीच, बाल्कनीत.
तेवढ्यात घंटा झाली. खिडकीतून फुटकी परात. फोनमधूनही फुटकी परात.
मग ती हळूच म्हणाली, आज सगळीकडेच घंटा वाजतात, नाही का गं ताई? मी म्हटलं, सगळीकडेच.

दुपारी ३
अथेन्समध्येही एखाद्या घंटेला तडा गेलेला असू शकतो. सक्तीची झोप लागली नाही.

१६ ऑगस्ट
धक्क्यावर गेले. सहजच. डबा पुन्हा भरून बरोबर होता, तोही सहजच. जलद बोट सुटत होती. माणशी सत्तर युरो, मी जुलैतच नापास केलेली. फोतिनी बॅग ओढत होती. तिच्यापुढे डेस्पिना, एकेक पायरी गाळून वर चढत होती.
मी शिट्टी वाजवली. डेस्पिना थबकली. मला पाहिलं आणि लंगडायला लागली.
बोटीचं दार बंद झालं.
माझी बोट अठरा तारखेला.